तीन दिवस पोटभर

हैद्राबाद,
९ जानेवारी १९६०

चि. सौ. महादेवी हिस आशीर्वाद.

सणाची चार ओळींची कार्डं सोडली तर सात वर्षांत मी तुला पत्र लिहिलेलं नाही. दवाखान्याच्या कामाचं कारण सांगणार नाही. काम होतंच, पण रविवारची दुपार मोकळी असायची आणि त्या दुपारी मी डायरी लिहीत असे. डायरी उलटून बोलत नाही, तू बोलतेस. म्हणून तिला लिहीत राहिले. माफ कर.

परवा तुझ्या यजमानांचं, अण्णारावांचं कार्ड आलं. तुला पाचवा महिना लागला असं त्यांनी कळवलंय. पुढं लिहितात, "आपण घालून दिलेलं पथ्य काटेकोर चालू आहे. दोन्ही वेळची मिळून एक भाकरी, पालेभाजी, पातळ वरण. भात, गूळ, केळं बंद. मात्र हल्ली उठताना भोवळ येते. औषध सुचवावं." अक्षर नेहमीसारखं सरळ आहे. फक्त 'भोवळ' या शब्दावरून टाक दोनदा फिरलेला दिसतो.

मी ऑक्टोबरपासून इथं आहे हे तुला कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. मधुमेह आणि शरीरातल्या ग्रंथींचे आजार यांचं डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं विशेष शिक्षण आहे, त्याची फेलोशिप मिळाली. आम्ही सहा जण आहोत. पाच तिशीच्या आतले तरुण आणि सहावी मी, त्रेचाळीस वर्षांची. निजामाच्या काळात मी डॉक्टरकी उर्दूतून शिकले, इथं सगळं इंग्रजीत. सरांनी प्रश्न विचारला की उत्तर आधी उर्दूत सुचतं. शेजारी बिदरचा डॉ. आयुब बसतो. तो हळूच म्हणतो, "आपा, आप बोलो, मैं तर्जुमा करता." मग सगळे हसतात, मीही.

आता विनंती. आठ दिवसांसाठी तू इथं ये. नीलम्माच्या बाळंतपणानंतर तुला मधुमेह आहे असं ठरवलं तेव्हा मी फक्त लघवी तपासली होती. इथं रक्तातली साखर मोजायची नवी साधनं आहेत. एकदा नीट तपासून घेऊ. काळजीचं काही नाही. अण्णारावांना सोबत आण, बायकांच्या वसतिगृहात माझ्या खोलीत तुझी सोय होईल.

नीलम्माला आशीर्वाद. ती आता दुसरीत असेल ना?

तुझी,
अक्का


हैद्राबाद,
२२ जानेवारी १९६०

चि. सौ. महादेवी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाचच ओळी. "अक्का, सात वर्षांत मी गुळाचा खडा जिभेवर ठेवला नाही. तू म्हणालीस तसंच चाललंय. नवी साधनं आली म्हणून पोट घेऊन मोटारीत बसून मी हैद्राबादेला का यावं? काय लपवतीस ते आधी लिही."

लिहिते.

गेल्या तीन डिसेंबरला सरांनी आमच्यासमोर सहा नळ्या मांडल्या. त्यांत सहा वेगवेगळ्या माणसांची लघवी होती. निळं औषध घालून तापवलं की साखर असलेली नळी आधी हिरवी, मग पिवळी, शेवटी विटकरी होते. ही तपासणी मी उमरग्यात हजार वेळा केलेली आहे. सहाही नळ्या रंगल्या. सरांनी विचारलं, यांतले मधुमेही किती? आम्ही सहाही जणांनी कागदावर लिहिलं, सहा. मग त्यांनी त्याच माणसांच्या दुसऱ्या नमुन्यांत बेकरीतलं खमीर घातलं आणि नळ्या उबेला ठेवल्या. दुपारी पाच नळ्यांत बुडबुडे आले होते, कारण खमीर साखर खातं. सहावी नळी तशीच निपचित होती.

ती सहावी बाळंतिणींच्या वॉर्डातली होती. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध दाटलं की त्या दुधातली साखर थोडी रक्तात उतरते आणि लघवीवाटे निघून जाते. निळ्या औषधाला दुधाची साखर आणि मधुमेहाची साखर यांतला फरक कळत नाही. खमिराला कळतो, दुधाची साखर ते खात नाही. हा आजार नव्हे. बाईला दूध भरपूर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

महादेवी, १९५३ च्या जानेवारीत नीलम्मा सव्वा महिन्याची होती.

तू तांब्यामागून तांब्या पाणी पीत होतीस आणि गळून गेली होतीस. पाजणारी कोणतीही बाई पाणी पितेच. पण अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. अंगठा काळा पडल्यापासून शेवटापर्यंत त्यांची साखर मीच तपासत होते आणि काही करू शकले नव्हते. मला तुझ्या हातातल्या तांब्यात अप्पा दिसले. नळी पिवळी झाली. मी दुसरी तपासणी केली नाही, कुणाला विचारलं नाही. त्याच दुपारी तुला सांगितलं की अंगावर पाजू नकोस. दवाखान्यातल्या लालबीचं स्वतःचं मूल तेव्हा पदराखाली होतं, तिनं नीलम्माला घेतलं. तुझं दूध आटलं. महिन्यानं नळी निळीच राहिली, आणि मी वहीत लिहिलं, 'केवळ पथ्याने साखर गेली.' ती दूध आटलं म्हणून गेली होती.

मग तुझ्या सासूबाई तुला न्यायला आल्या. त्यांना आणि अण्णारावांना मी अंगणात उभं करून सांगितलं की हिला अप्पांचा आजार आहे, दुसरं मूल झालं तर ही वाचणार नाही. तू दारात उभी होतीस. तुलाही ते तेव्हाच, त्यांच्याबरोबरच कळलं. आधी तुझ्याशी एकटीशी बोलावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. त्यानंतर तू उमरग्याला आली नाहीस. मी म्हणत राहिले की तू उगाच रागावलीस.

हे मला तीन डिसेंबरला कळलं. आज बावीस जानेवारी आहे. मधल्या सात आठवड्यांचं समर्थन माझ्याकडं नाही. अण्णारावांचं कार्ड आलं नसतं तर मी आणखी किती थांबले असते, हेही मला सांगता येत नाही.

पण आता उलटी घाई करायची नाही. तुला मधुमेह नाहीच, असं मी आज लिहू शकत नाही. आपण अप्पांच्या मुली आहोत. साखरेचं पाणी पाजून दर अर्ध्या तासानं रक्त तपासलं की खरं ते कळेल. मात्र त्यासाठी आधी सलग तीन दिवस पोटभर जेवावं लागतं. भात, भाकरी, गूळ, सगळं. अर्धपोटी राहणाऱ्या शरीराची साखर जिरवण्याची सवय सुटते, मग निरोगी माणसाचं रक्तही मधुमेह्यासारखं दिसतं. तुझी तपासणी आजच केली तर ती चुकीची येईल आणि आपण दुसऱ्यांदा फसू.

खरंच मधुमेह असला तर तीन दिवसांच्या जेवणानं काय होईल? तहान वाढेल, अशक्तपणा वाटेल. तुला किंवा बाळाला त्यानं धोका नाही, असं सर म्हणतात आणि मलाही वाटतं. 'वाटतं' हा शब्द मी खोडणार होते, पण राहू दिला.

उत्तर लवकर लिही. दिवस जाताहेत.

अक्का


उमरगा,
६ फेब्रुवारी १९६०

चि. सौ. महादेवी,

हे पत्र टपालानं नाही, लालबीच्या हाती पाठवते आहे.

तू लिहिलंस, "एका अक्काचा कागद स्वयंपाकघरात भिंतीला लावलाय. सासूबाई रोज तो बघून मला वाढतात. त्यांना वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीत काय हाय ते पाठ झालंय. दुसऱ्या अक्काचा कागद माझ्या हातात हाय. कोणत्या अक्काचं ऐकू? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पोटात लेकरू असताना सुनेला इख खायला घालू व्हय?"

हे पत्र मी सरांना वाचून दाखवलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी लागली, ती तुलाही सांगते. फेलोशिपच्या अर्जात 'आपण हाताळलेला एक रुग्ण' असं सदर होतं. मी तुझी हकीगत लिहिली होती. नाव न घेता, पण तुझीच. केवळ आहारानं मधुमेह आटोक्यात आणला, अशी. निवड करताना ती हकीगत सगळ्यांना आवडली होती म्हणे. मला वाटलं, सर मला परत पाठवतील. ते म्हणाले, "आधी बहिणीचं रक्त आणा. तुमचं काय करायचं ते नंतर बघू." आठ दिवसांची रजा दिली.

काल उमरग्याला पोचले आणि लालबीला सगळं सांगितलं. ती बाळंतिणीचे कपडे उकळत होती. हातातली काठी तशीच धरून तिनं विचारलं, "म्हंजी पोरीच्या अंगावर दूध व्हतं, अन् तुम्ही आटवलं?"

"व्हय."

"अन् मी दोन दोन लेकरं पाजून वाळून चिपाड झाले, ते कशापायी?"

"बोला की बाईजी! लई शिकलेल्या तुम्ही. आता अजून शिकायला गेल्या, तवा हे कळलं?"

"व्हय. तवा कळलं."

तिनं काठी पाण्यात आपटली. मग आपणच म्हणाली, "नीलम्मा मातर माझी दूधबेटी झाली, ते कुणाला पुसता येत न्हाय. मी जाते येरमाळ्याला. तुमचं तोंड बघून तुमची विहीण दार लावंल. मला न्हाय लावायची. दर साली येडाईच्या यात्रेला बोलावून जेवू घालती ती मला, दूध पाजल्याली म्हणून."

"जाऊन काय करशील?"

"महादेवीच्या शेजारी ताट घेऊन बसते. ती एक घास खाईल तर मी दोन खाईन. कागदावर बसून पोट भरतंय व्हय कुणाचं? संगट कुणी बसलं तर खाती बाई."

तर लालबी सोमवारी तुझ्याकडं येईल. मंगळ, बुध, गुरू असे तीन दिवस. शुक्रवारी सकाळी मी येईन. त्या सकाळी काही खाऊ नकोस, पाणी पी. सासूबाईंना माझं एवढंच सांगणं आहे की तो कागद मीच लिहिला होता आणि तो चुकला असावा, असं मीच म्हणते आहे.

जेवायचं की नाही ते तू ठरव. तू जेवली नसशील तर मी उंबऱ्यावरून मागं फिरेन आणि एक शब्द बोलणार नाही. तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. आज विचारते आहे.

अक्का


हैद्राबाद,
१५ फेब्रुवारी १९६०

प्रिय महादेवी,

तार मिळाली असेल. तारबाबूनं मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाला, "बस, इतनाच? 'पोटभर जेव'? बाई, दस लफ्जां तक पैसे उतनेच लगते." मी म्हटलं, एवढंच पाठवा. बाकीचं आता लिहिते.

शुक्रवारी सकाळी आपल्या दोघींत जे बोलणं झालं ते 'मूठ आवळ' आणि 'सोड' एवढंच. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण सुई धरलेल्या हाताला ते परवडलं नसतं. तुझा दंड हातात घेतला तेव्हा माझी बोटं त्याभोवती पूर्ण वळली. ते मला रस्ताभर आठवत होतं. तिसऱ्या वेळी मी फडकं बांधायला लागले तेव्हा सासूबाई न राहवून म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, अजून किती रगात काढताव? पोटातल्याला ठिवा जरा." आणि लालबी म्हणाली, "आत्याबाई, समदं मिळून चार चमचे बी न्हाय. तुमच्या गोठ्यातलं डास जास्ती पितेत." सासूबाई हसल्या. सात वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पाहायला आलेच नव्हते.

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तीन दिस पोरगी जेवली. काल सांजच्याला तर मागून घेतलं तिनं, भात. हे चांगलं का वाईट?" मी म्हटलं, परवा सांगते. त्या म्हणाल्या, "तवा तर लगीच सांगितलं व्हतं."

पाच बाटल्यांत रक्त टिकवायची पूड घालून त्या मी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवल्या आणि थर्मास टोपलीत. तुळजापूरच्या पुढं मोटार भरली. कंडक्टर म्हणाला, "बाई, टोपलीत काय हाय? लोणचं असंल तर पायात नगा ठिवू, सांडतंय." मी सवयीनं खरं ते सांगितलं, "रक्त आहे." माझ्या बाकावरचे दोघं उठून मागं गेले. नळदुर्गापर्यंत मला अख्खा बाक मिळाला.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा मी दारात उभी होते. पण मोजायला बसले नाही. रंगांची तुलना करून आकडा काढायचा असतो, आणि माझे डोळे मला हवं तेच पाहतील अशी भीती वाटली. एकदा भीतीनं पाहिलं होतं, आता आशेनं पाहिलं असतं. बाटल्यांवर फक्त क्रमांक घातले, वॉर्डातल्या नमुन्यांमध्ये मिसळल्या आणि आयुबला म्हटलं, एवढे मोजून दे. मी बाहेर कठड्यावर बसून राहिले.

अकराच्या सुमाराला तो कागद घेऊन बाहेर आला. "आपा, ये नौ से तेरा नंबर किसके हैं?"

"का?"

"हमारे वॉर्ड में क्या कर रहा है ये मरीज? इसको घर भेजो, खाना खिलाओ."

मी कागद घेतला. उपाशीपोटी ८६. साखरेचं पाणी प्यायल्यावर जास्तीत जास्त १४२. दोन तासांनी ९८. मी ते आकडे त्याला पुन्हा मोजायला लावले. दुसऱ्यांदा दोन-तीन अंकांचा फरक पडला, अर्थ तोच. मग मी त्याला सांगितलं की ही माझी बहीण आहे. तो बिचारा गडबडला आणि कँटीनमधून चहा घेऊन आला.

महादेवी, तुला मधुमेह नाही. नीलम्माच्या वेळीही नव्हता. पुढं कधी होणार नाही असं मी म्हणत नाही, वर्षातून एकदा रक्त तपासू. तुला जी भोवळ येत होती ती भुकेची होती. ती मी आणली होती.

नीलम्माला तू पाजू शकली असतीस. ते दिवस मी परत देऊ शकत नाही. माफी मागायला शब्द जुळवून पाहिले, सगळे पत्रात घालण्याजोगे होते आणि म्हणूनच खोटे वाटले.

सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, अर्जातली हकीगत आता पुरी लिहा आणि मार्चमध्ये सगळ्यांसमोर मांडा. तुझी हरकत असेल तर मांडणार नाही. नाव येणार नाही, पण हकीगत तुझी आहे. विचार करून सांग.

तुझी,
अक्का


उमरगा,
२६ जून १९६०

प्रिय महादेवी,

तुझ्याकडून येऊन बारा दिवस झाले. इथं येताच दवाखान्यात रांग लागली, म्हणून उशीर. हा उशीर खरा आहे.

मार्चमधल्या त्या सभेबद्दल तू येरमाळ्यात विचारलंस तेव्हा बाळ रडायला लागलं आणि सांगायचं राहिलं. तुझा होकार आला होता म्हणून मी अर्धा तास बोलले. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, की तुम्ही खमिराची तपासणी का केली नाहीत? मी म्हटलं, मला ती ठाऊक नव्हती. ते म्हणाले, मलाही कालपर्यंत नव्हती. सभेत सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. एप्रिलपासून दवाखान्यात खमीर आहे. रस्त्यावरच्या चाँदपाशाच्या बेकरीतून रोज सकाळी मूठभर येतं. तो लोकांना सांगतो की बाई आता पाव करायला शिकताहेत.

काल तुझं पत्र आलं. बाळाचं वजन चांगलं वाढतंय, दूध पुरून उरतंय, नीलम्मा शाळेतून आली की आधी पाळण्याकडं धावते, हे वाचून मी पत्र लालबीला वाचून दाखवलं. 'पुरून उरतंय' हे तिनं दोनदा वाचायला लावलं. तू लिहिलंस, "अक्का, राग गेलाय असं लिहीत न्हाय. बाळाला पाजताना कधी कधी नीलम्माचं आठवतं अन् तुझा राग येतो. मग दूध उतरतं अन् जातो. असं चाललंय." असंच चालू दे. गेला म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता.

पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस त्यानं कालपासून मला दुसरं काही सुचत नाही. "माझ्यासारख्या अजून किती हायेत, अक्का?"

मला वाटत होतं की ही चूक आपल्या घरातली आहे. अप्पांमुळं झाली, बहिणीच्या मायेनं झाली, असं मी स्वतःला सांगत आले. आज दवाखाना बंद करून मी गेल्या दहा वर्षांची रजिस्टरं काढली. तान्हं मूल असताना आलेल्या आणि साखर निघालेल्या बायका शोधल्या. चार नावं सापडली. त्यांच्यात ना अप्पा होते ना माया. फक्त माझी पिवळी नळी होती.

दोघी सासरच्या गावी लांब गेल्या आहेत, त्यांचे पत्ते काढते आहे. एक तुळजापूरकडची. चौथी गुंजोटीची मथुराबाई. सत्तावन्न साली दोन महिन्यांचं मूल घेऊन आली होती. तिलाही मी तोच कागद लिहून दिला होता. ती दर संक्रांतीला हरभऱ्याचे डहाळे घेऊन येते आणि पायावर डोकं ठेवून म्हणते, "बाई, तुमच्या पथ्यानं जगले." मी दरवर्षी तिला उठवून म्हणते, पथ्य सोडू नको.

तिला कसं सांगायचं हे मी दुपारभर लिहून पाहत होते. सगळं खोडलं. तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. शेवटी ठरवलं की आधी तिचं ऐकायचं, काय खाते, कशी राहते, आणि मगच आपलं सांगायचं. तिचा नवरा आणि सासू घरात असतील तर तिला बाहेर बोलवायचं.

बाळाला, नीलम्माला आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
अक्का

उद्याचं काम: सकाळच्या पहिल्या गाडीनं गुंजोटी. मथुराबाईशी, एकटीशी, बोलणे.